चावीच्या घड्याळातली डुगडुगती क्लिक : सैल रिव्हेट पुन्हा पक्कं कसं करायचं

जुन्या लंबकाच्या घड्याळाला चावी देत होतो. पाच-सहा वेढे झाले आणि चावी एकदम उलटी हिसकली. आतून ‘खर्रर्र’ आवाज आला, कमान (घड्याळ चालवणारी गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग) पूर्ण मोकळी झाली आणि माझ्या अंगठ्याचं नख पुढे दोन महिने काळं राहिलं. घड्याळ उघडून पाहिलं तर कारण अगदीच फुटकळ निघालं. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं एक रिव्हेट आपल्या भोकात डुलत होतं.

हे रिव्हेट क्लिकचं. चावी देताना जो ‘कट-कट-कट’ आवाज येतो तो क्लिकचाच. चावीच्या दांड्यावर तिरप्या दातांचं एक चाक असतं, ते रॅचेट. त्याच्या दातांवरून क्लिक नावाची पक्ष्याच्या चोचीसारखी खिटी घसरत जाते. चावी पुढे फिरते तेव्हा ती वाट देते आणि हात थांबला की दातात अडकून बसते. म्हणजे चावी सोडल्यापासून पुढची चावी देईपर्यंत, आठ दिवसांचं घड्याळ असेल तर आठही दिवस, कमानीचा सगळा जोर त्या खिटीवर आणि तिच्या एका रिव्हेटवर असतो. त्यातून आपल्याला सवय चावी फिरवून पटकन सोडून द्यायची. प्रत्येक वेळी रॅचेट मागे येऊन क्लिकवर आदळतं. वर्षानुवर्षं असे दणके बसले की रिव्हेट ढिलं होतं, पितळेतलं भोक लांबट होतं, क्लिक तिरकी होते आणि एक दिवस दात सोडते.

दुरुस्ती अवघड नाही. पण माझ्यासारखी ती दोनदा करायची वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

१. तुमच्या घड्याळात क्लिक रिव्हेटवर आहे का, ते आधी पाहा

सगळ्या घड्याळांत नसते. अमेरिकी पद्धतीच्या जुन्या यंत्रांमध्ये (सेथ थॉमस, अँसोनिया, वॉटरबरी वगैरे) कमान उघडी असते, डब्यात नसते. तिथे क्लिक थेट मोठ्या पितळी चाकावर रिव्हेटने बसवलेली असते. या यंत्रांवरून बेतलेल्या इतर देशांतल्या घड्याळांतही हीच रचना सापडते. याउलट कमान गोल पितळी डब्यात असलेल्या यंत्रांत क्लिक बहुधा प्लेटच्या (चाकं ज्या दोन पत्र्यांमधे बसतात त्यातल्या एकाच्या) बाहेरच्या अंगाला स्क्रूने बसवलेली असते. तुमचं तसं असेल तर स्क्रू आणि त्याची बैठक तपासा, पुढचा बराचसा खटाटोप वाचेल.

रिव्हेट सैल झाल्याच्या खुणा अशा: चावी देताना ‘कट-कट’ एका लयीत येत नाही, मधे एखादा ठोका गिळल्यासारखा होतो. चावी सोडली की ती नेहमीपेक्षा जास्त मागे येते. बॅटरी मारून प्लेटांच्या मधून पाहिलं तर क्लिक चाकाला समांतर नसून एका बाजूला कललेली दिसते. यातलं एक जरी दिसलं तरी त्या घड्याळाला आणखी चावी देऊ नका. ‘अजून धरतेय ना, बघू पुढच्या महिन्यात’ असं मीच म्हणालो होतो.

२. जवळ काय काय हवं

- कमान उतरवायची चावी: गोल, गुळगुळीत, लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीची. घड्याळाच्या सुट्या भागांच्या दुकानात वेगवेगळ्या मापांच्या टोकांचा संच मिळतो
- कमानीच्या जाडजूड कड्या (इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या)
- चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा
- लहान हातोडी, ५० ते १०० ग्रॅमची
- सपाट आणि गुळगुळीत पोलादी ठोकळा किंवा छोटी ऐरण
- दोन पंच: एक गोल टोकाचा, एक सपाट
- बारीक कानस, चिमटे, भिंग, व्हर्निअर
- भोक गोल करायचा निमुळता ब्रोच (हा पाच कडांचा असतो)
- लिहायच्या साध्या कागदाची पट्टी आणि थोडं तेल
- फोनचा कॅमेरा

चावी आणि कड्या यांना पर्याय शोधू नका. नेहमीच्या पंखवाल्या चावीने कमान उतरवायला गेलात तर ती सुटल्यावर पंखा फिरावा तशी फिरते, आणि मधे तुमची बोटं असतात. गोल मूठ निसटली तरी तळव्यात नुसती घसरत जाते. बाकीच्या सामानात जुगाड चालेल. ऐरण म्हणून मी जुन्या बेअरिंगची बाहेरची पोलादी कडी वापरली आहे.

३. कमानीतला जोर उतरवा

ही पायरी चुकली तर पुढचं काहीच कामाचं नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

घड्याळ बंद पडलंय म्हणजे कमान रिकामी आहे, असं बिलकूल समजू नका. धूळ-तेलाचा चिकटा बसून बंद पडलेल्या घड्याळात कमान अर्ध्याहून जास्त भरलेली असू शकते. ठोके देणाऱ्या घड्याळात कमानी दोन: एक वेळेची, एक ठोक्यांची. एकीची क्लिक सुटली म्हणून दुसरी रिकामी होत नाही. दोन्ही उतरवायच्या.

आधी लंबक काढून बाजूला ठेवा. मग काटे काढा: मिनिटकाट्याच्या मधोमध बारीक निमुळती पिन किंवा छोटा नट असतो, तासकाटा नुसता दाबून बसवलेला असतो. तबकडी काढा. आता यंत्र पेटीतून बाहेर काढून टेबलावर घट्ट धरता येईल असं ठेवा.

गोल मुठीची चावी चौकोनी दांड्यावर पूर्ण आत बसवा. चावी कोणत्या दिशेला दिली जाते ते नीट पाहा, दोन्ही दांड्यांची दिशा सारखीच असेल असं नाही. त्या दिशेला किंचित फिरवा, जेमतेम क्लिकवरचा भार हलका होण्यापुरतं. दुसऱ्या हाताने बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्लिक दातातून वर उचला आणि तशीच धरून ठेवा. मग मूठ तळव्यातून हळूहळू घसरू द्या.

चांगल्या घड्याळात अर्धा वेढा सोडला की क्लिक परत टेकवून हात सैल करता येतो. इथे तसं करू नका. तुमची क्लिकच आजारी आहे. ती खाली पडेल, पण दातात बसेलच याचा भरवसा नाही. म्हणून मुठीवरची पकड शेवटपर्यंत सोडायची नाही. हात भरून आला तरी चालेल. फार वाटलं तर दुसऱ्या कुणाला क्लिक उचलून धरायला सांगा आणि मूठ तुम्ही दोन्ही हातांनी धरा.

कड्यांबद्दल: कमान थोडी भरलेली असेल आणि कडी सहज तिच्याभोवती बसत असेल तर आधी कडी घाला, मग उतरवा. कमान त्या कडीत येऊन थांबते आणि यंत्र उघडणं सोपं जातं. पण कडी बसावी म्हणून आणखी चावी देऊन कमान आवळायला जाऊ नका. डुगडुगत्या क्लिकवर भार वाढवायची ही वेळ नव्हे. कडी नाही बसली तर कमान पूर्ण मोकळी होऊ द्या. ती प्लेटांमधल्या खांबांना टेकेपर्यंत फुगते. तिच्याभोवती जाड तार दोन वेढे घालून पिळा म्हणजे प्लेट उचलताना ती उसळणार नाही.

जोर गेला हे कसं कळतं? चावी लावून पाहिली तर दांडा काहीच विरोध न करता थोडा इकडेतिकडे फिरतो, आणि कमानीचे वेढे एकमेकांपासून सुटे दिसतात. दोन्ही कमानींचं हे पाहिल्याशिवाय एकही नट ढिला करू नका.

४. प्लेटा उघडा आणि फोटो काढा

चारही बाजूंनी फोटो काढा. ठोक्यांच्या बाजूच्या तारा कुठे कशावर टेकल्या आहेत त्याचे जवळून आणखी चार. मागाहून प्लेट बसवताना हेच फोटो उपयोगी येतात, स्मरणशक्ती येत नाही.

वरची प्लेट सरळ वर उचला, तिरकी नको. मोठं चाक दांड्यासकट बाहेर घ्या. कमान कडीत असेल तर दांडा उलटा फिरवून कमानीच्या आतल्या टोकातून त्याचा आकडा सोडवता येतो. कमान कडीतच राहू द्या. कडीतून हाताने काढण्याचा मोह नको.

क्लिक आधीच एकदा सुटली असेल तर इथे थांबून बाकीची चाकंही बघा. झटका पुढच्या चाकांपर्यंत जातो. मोठ्या चाकाचे दोन-तीन दात वाकलेले सापडतात, किंवा पुढच्या चाकाच्या पिनियनमधल्या तारा. अमेरिकी यंत्रांत पिनियन म्हणजे दोन चकत्यांच्या मधे बसवलेल्या बारीक पोलादी तारांचा पिंजरा असतो. त्यातली एक तार वाकली तरी घड्याळ अधूनमधून अडकत राहतं आणि आपण दोष क्लिकला देत बसतो.

५. जुनं रिव्हेट ठेवायचं की बदलायचं

चाक हातात धरा, क्लिक चिमट्याने हलवा आणि भिंगातून पाहा.

रिव्हेटचा देठ क्लिकसोबत चाकात हलत असेल, पण त्याचं अंग शाबूत असेल आणि भोक अजून गोल असेल, तर जुनंच ठोकून पक्कं करता येईल. देठ हलत नाही पण क्लिक त्याच्याभोवती खुळखुळते, तर क्लिकचं भोक तरी झिजलंय किंवा रिव्हेटचा खांदा (क्लिक ज्यावर फिरते तो मधला भाग) तरी. तिथे ठोकून काही होत नाही. आणि चाकातलं भोक अंडाकृती झालं असेल तर रिव्हेट बदलाच. लांबट भोकात ठोकलेलं रिव्हेट आज घट्ट वाटतं, पण महिन्याभरात पुन्हा डुलायला लागतं.

एका कमानीची क्लिक सैल असेल तर दुसरीही करून टाका. दोघींनी सारखंच काम केलेलं असतं.

६. जुनंच रिव्हेट पक्कं करणं

या दुरुस्तीत खरी अडचण एकच आहे. रिव्हेट चाकात घट्ट हवं आणि क्लिक त्याच रिव्हेटवर मोकळी हवी. नवखा माणूस घट्टपणाच्या मागे लागतो. पहिल्या खेपेला मी असं ठणठणीत ठोकलं की क्लिक रिव्हेटचं डोकं आणि चाक यांच्यात चिमटली गेली. उचलली की उचललेलीच राहायची. ज्या म्हाताऱ्या घड्याळजींना ती दाखवली त्यांनी चाक उलटं धरलं, क्लिककडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, “अरे, ही पडत नाही. मग धरणार कशी?” मग टेबलावरच्या वहीच्या कागदाची एक पट्टी फाडून माझ्या हातात दिली.

ती पट्टी अशी वापरायची. कागदाला तेलाचं बोट लावा. त्यात एक चीर द्या म्हणजे ती रिव्हेटच्या देठाभोवती जाईल, आणि क्लिक व चाक यांच्या मधे सरकवा. साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. ठोकून झाल्यावर कागद ओढून काढला की तेवढी फट राहते. क्लिकला तेवढीच फट लागते.

चाक उलटं करा. रिव्हेटचं डोकं खाली पोलादावर पूर्ण टेकलं पाहिजे, शेपूट (चाकातून मागे आलेलं टोक) वर. इथे एक गोष्ट हमखास चुकते: दांडा चाकाच्या आरपार असतो आणि त्याचं बारीक टोक टेबलावर टेकतं. हातोडीचा एक ठोका, आणि ते टोक वाकतं. म्हणून ठोकळा टेबलाच्या कडेला ठेवा म्हणजे दांडा कडेबाहेर मोकळा लोंबेल, किंवा ठोकळा तेवढा उंच घ्या. चाकाच्या आऱ्या अधांतरी राहू देऊ नका, पितळ वाकायला वेळ लागत नाही.

आधी गोल टोकाचा पंच शेपटाच्या मधोमध ठेवून एक-दोन हलके ठोके. धातू बाजूला पसरायला लागतो. मग हातोडीने किंवा सपाट पंचाने कडेकडेने टिचक्या मारत गोल फिरा. दर तीन-चार टिचक्यांनी चाक पाव वेढा फिरवा म्हणजे एकाच अंगाला पसरणार नाही. जोरात दोन ठोके मारण्यापेक्षा हलके वीस बरे. रिव्हेट पितळी असेल तर जास्तच जपा. पितळ ठोकून ठोकून कडक होतं आणि मग कडेला चिरतं. चीर दिसली की ते रिव्हेट बाद.

कागद काढा आणि चाक उभं धरून क्लिक उचलून सोडा. ती स्वतःच्या वजनाने पडली पाहिजे. रिव्हेट मात्र चिमट्याने ढकलून अजिबात हलता कामा नये. क्लिक थोडी अडखळत असेल तर एक थेंब तेल घालून ती पन्नासेक वेळा हलवा, बहुधा मोकळी होते.

७. नवं रिव्हेट

जुन्याचं पसरलेलं शेपूट कानसीने चाकाच्या पातळीपर्यंत घासा. मग चाक भोक असलेल्या ठोकळ्यावर ठेवून बारीक पंचाने रिव्हेट डोक्याच्या बाजूला बाहेर काढा. हातातल्या ड्रिलने पोखरून काढायला जाऊ नका. ड्रिल पोलादावरून घसरून मऊ पितळेत शिरतं आणि भोक सरकतं.

या रिव्हेटला तीन जाड्या असतात: डोकं, मधला खांदा (यावर क्लिक फिरते) आणि त्याहून बारीक शेपूट (हे चाकात जातं). खांदा चाकाच्या पृष्ठभागावर टेकतो म्हणून कितीही ठोकलं तरी क्लिक चिमटत नाही, फक्त खांद्याची लांबी बरोबर हवी. क्लिकची जाडी व्हर्निअरने मोजा आणि खांदा त्याहून ०.१ मिलिमीटर जास्त ठेवा. क्लिकच्या रिव्हेटचे तयार संच मिळतात. लेथ हाताशी असेल तर मऊ पोलादातून कातून घेता येतं. मऊ म्हणतोय ते मुद्दाम, कडक केलेलं पोलाद ठोकल्यावर पसरत नाही, तुटतं.

चाकातलं भोक लांबट असेल तर ब्रोच दोन्ही बाजूंनी आळीपाळीने फिरवून ते गोल करा. एकाच बाजूने फिरवलं तर भोक नरसाळ्यासारखं होतं. चाकाच्या मागच्या बाजूला भोकाच्या तोंडाशी थोडा उतार द्या. शेपूट त्या उतारात पसरून बसतं आणि पकड जास्त चांगली मिळते. शेपूट भोकात हाताने ढकलल्यावर जेमतेम जाईल असं हवं. खुळखुळत जात असेल तर पुढच्या जाडीचं घ्या. मागे ते आपल्या जाडीच्या साधारण पाऊणपट बाहेर यावं. फार लांब ठेवलं तर पसरायच्या आधी वाकतं. ठोकायची रीत वरचीच.

काही लोक सैल रिव्हेटला सोल्डरने डाग देतात. जुन्या घड्याळांत असे करडे गोळे मी बरेच पाहिलेत. कथील-शिशाचा डाग १८३ अंशांच्या आसपास वितळणारा, मऊ. कमानीचे दणके त्याला झेपत नाहीत. शिवाय फ्लक्स (डाग देताना लावतात ते रसायन) आत राहून पोलाद गंजतं, आणि डाग क्लिकखाली झिरपला तर क्लिकही जाम. झटपट चिकटणारा गोंद वापरणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

८. क्लिकची स्प्रिंग आणि दात

क्लिकला रॅचेटवर दाबून धरणारी स्प्रिंग बहुधा नुसती पितळी तार असते. ती दमली असेल तर रिव्हेट कितीही पक्कं असो, क्लिक दातात उशिरा पडते. बोटाने उचलून सोडा: क्लिक दाताच्या तळाशी ‘टक्’ करून बसली पाहिजे. नुसती टेकली तर तार बदला, आणि नवी तार कडकच घ्या.

भिंगातून क्लिकची चोच पाहा. टोक घासून गोल झालं असेल तर भार पडल्यावर ती दातातून बाहेर ढकलली जाते. चोचीची टेकणारी बाजू कानसीने किंचित आत कललेली करा, म्हणजे भार आला की ती आणखी आत ओढली जाईल. रॅचेटचे दात शेंड्यावर थोडे झिजलेले चालतात. मुळाशी झिजले असतील तर रॅचेटच बदलावं लागतं आणि ते काम घरगुती नाही.

९. आधी कमानीशिवाय, मग कमानीसकट तपासणी

कमान न घालता चाक एका हातात, दांडा दुसऱ्या हातात. एक एक दात फिरवा आणि प्रत्येक दाताला दांडा उलटा पिळून पाहा. एकही दात सोडता कामा नये. मग चाक आडवं, उभं, उलटं धरून हेच पुन्हा.

सगळं स्वच्छ करून यंत्र जोडा. क्लिकच्या रिव्हेटवर घड्याळाच्या तेलाचा एक सूक्ष्म थेंब पुरे. चाकांच्या दातांना तेल नाही. गंज सोडवायचे फवारे तर मुळीच नाहीत, त्यांचा मागे चिकटा राहतो.

पहिली चावी गोल मुठीच्या चावीनेच, यंत्र पेटीबाहेर असताना. अर्धा वेढा द्या, मूठ सैल करत करत भार क्लिकवर जाऊ द्या, पण हात काढू नका. क्लिककडे पाहा: ती कलली का? रिव्हेटचं डोकं हललं का? मग दोन वेढे, मग चार. पूर्ण चावी दिल्यावर यंत्र रात्रभर तसंच टेबलावर ठेवा, वर एखादं जाड फडकं टाकून. सकाळी भिंगातून पाहिल्यावर क्लिक कालच्याच जागी सरळ असेल तर यंत्र पेटीत घाला.

यापुढे चावी देताना वेढा संपला की चावी सोडून देऊ नका. बोटांत धरूनच ती मागे येऊ द्या, क्लिकने भार घेतल्याचा बारीकसा ‘टक्’ बोटांना जाणवतो. त्यानंतरच पकड बदला.